साथीच्या काळातही हवामान कृती : शहरांपुढील दुहेरी जबाबदारी

झाशी : कोरोनाच्या साथीत महापालिकांचे सर्व बळ रुग्णसेवा, विलगीकरण आणि लसीकरणावर खर्च होत असताना हवामान बदलाचे काम पुढे कसे न्यायचे, हा प्रश्न देशातील शहरांपुढे उभा राहिला. झाशीच्या जुन्या शहरातील मानिक चौकासारख्या दाट बाजारपेठेत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. जेथे गर्दीत संसर्ग पसरतो, तेथेच वाहनांचा धूर आणि बुंदेलखंडातील उन्हाची झळही साचून राहते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक शहरांची हवा काही काळ निवळली. मात्र व्यवहार सुरू होताच प्रदूषण परतले. २०२० मध्ये घटलेले जागतिक कार्बन उत्सर्जनही २०२१ मध्ये जवळपास पूर्वपदावर आले. त्यामुळे उत्सर्जनात टिकाऊ घट हवी असेल, तर महापालिकेच्या नियमित कामातच बदल करावा लागतो.

मुंबईने याच काळात हा मार्ग धरला. डिसेंबर २०२० मध्ये हे शहर ‘सी-४०’ या महानगरांच्या जागतिक जाळ्यात सहभागी झाले. दुसऱ्या लाटेनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, महापालिकेने हवामान कृती आराखड्याची प्रक्रिया सुरू केली आणि १३ मार्च २०२२ रोजी तो जाहीर झाला. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष ठरवले असताना मुंबईने २०५० चे उद्दिष्ट ठेवले. ऊर्जा व इमारती, वाहतूक, घनकचरा, हरित क्षेत्र, हवेची गुणवत्ता आणि पूर व जलव्यवस्थापन ही आराखड्याची सहा क्षेत्रे आहेत. यांतील बहुतेक कामे सार्वजनिक आरोग्याचीही आहेत. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तर दूषित हवेने श्वसनविकार बळावतात. राज्य पातळीवर २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने स्थानिक स्वराज्य संस्थांना पंचतत्त्वांच्या निकषांवर जोखण्यास प्रारंभ केला.

आरोग्य संकटातूनच हवामान धोरण आकारास आल्याचे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेथे मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. पूर्वसूचना, रुग्णालयांची सज्जता आणि पाण्याची सोय हा त्याचा गाभा आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात झाशीचाही समावेश आहे. रस्त्यांवरील धूळ रोखणे, कचरा जाळण्यास प्रतिबंध करणे आणि बाजारातील वाहतूक नियंत्रित करणे ही कामे या कार्यक्रमाच्या कक्षेत येतात. आरोग्याच्या दृष्टीनेही ती तितकीच आवश्यक आहेत.

अडचण निधी आणि मनुष्यबळाची असते. साथ आली की स्वच्छता व आरोग्य कर्मचारी तातडीच्या कामाला जुंपले जातात आणि स्वतंत्र पर्यावरण योजनांना सर्वप्रथम कात्री लागते. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प अहवाल मांडून या खर्चाला विभागनिहाय स्थान दिले. लहान शहरांतही ही तरतूद नियमित अंदाजपत्रकात झाली, तर पुढील संकटात हवामानाची कामे बंद पडण्याचा धोका कमी होईल.