पाहुणे लेण्यांचे, शहर कोणाचे?

परक्या मुलुखातून आलेला प्रवासी परत गेल्यावर आपल्या गावाविषयी काय सांगतो, यावरून त्या गावाची परीक्षा होते. वास्तूंची वर्णने मार्गदर्शिकांत असतात. प्रवासी सांगतो ते वेगळेच: रस्ता कसा ओलांडला, काय खाल्ले, भाव कसा केला, वाट चुकल्यावर कोणी हात धरून नेले. ज्या शहराविषयी असे सांगण्यासारखे काही उरत नाही, ते त्याने पाहिलेलेच नसते. त्याने केवळ त्या शहरातून प्रवास केलेला असतो. छत्रपती संभाजीनगरची आजची स्थिती, दुर्दैवाने, अशी आहे.

आपला जिल्हा स्वतःला पर्यटनाची राजधानी म्हणवितो. अजिंठा आणि वेरूळ यांना १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले; भारतातील जी पहिली स्थळे या यादीत गेली त्यांत ही दोन्ही होती. इतके भांडवल फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. पण त्या भांडवलावर शहराला मिळणारे व्याज किती? पाहुण्याचा कार्यक्रम सर्वांना पाठ आहे. सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, संध्याकाळी घाईघाईने बीबी का मकबरा. दुसऱ्या दिवशी अजिंठा. आणि रात्री मुंबईची गाडी. या दोन दिवसांत तो गुलमंडी पाहत नाही, सिटी चौकातून चालत नाही, शहागंजच्या घड्याळाखाली उभा राहत नाही. शहर त्याच्या दृष्टीने झोपण्याची आणि गाडी बदलण्याची जागा असते.

जुन्या प्रवाशांनी काय पाहिले

हे नेहमीच असे नव्हते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला. किल्ल्याच्या दुर्भेद्यतेबरोबरच त्याने तेथील गायकांच्या बाजारपेठेचे कौतुकाने वर्णन केले; रत्नांचा व्यापार करणाऱ्या सावकारांची नोंद केली; वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे त्याच्या लक्षात राहिली. भात, भाजी आणि तिळाचे तेल हा मराठ्यांचा आहार, हेही तो लिहून ठेवतो. किल्ल्याच्या अंधारकोठडीतील उंदीर मांजरांना पळवून लावतात, ही ऐकीव कथासुद्धा तो सोडत नाही. इतके बारकावे पळत्या घोड्यावरून टिपता येत नाहीत. त्यासाठी मुक्काम लागतो.

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी थेवेनो औरंगाबादेत आला तेव्हा शहराला तट नव्हता; तो पुढे औरंगजेबाने बांधविला. थेवेनोने दगडी घरांविषयी, घरांच्या दारांपुढे रस्त्यांत लावलेल्या झाडांविषयी आणि बागांविषयी लिहिले. त्याच काळातील तावर्निये याने गोवळकोंड्याच्या वाटेवर, या शहरातील मकबऱ्यासाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या पाहिल्याचे नमूद केले आहे. त्यांतील सर्वांत लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते. वास्तू पाहणाऱ्याला घुमट दिसतो. वाटेवरच्या प्रवाशाला घुमटामागचे बैल आणि गाडीवान दिसतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याची दृष्टी अधिक मोलाची वाटणे साहजिक आहे.

आणि पाणचक्की? आज तिकीट काढून आपण तेथील हौद पाहतो व परततो. पण ही चक्की मुळात पाहुण्यांसाठी फिरत होती. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी साधूचा तेथे मठ होता. मध्य आशियातून येणारे फकीर, प्रवासी व शिपाई यांना तेथे आसरा मिळे. त्यांच्या पिठासाठी डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून जाते फिरविले गेले. ज्या साधूच्या नावातच ‘मुसाफिर’ आहे, त्याच्या दारी शहराने पाहुणचाराचे यंत्र उभारले! मलिक अंबरच्या नहरीचा वारसा सांगणाऱ्या या शहरात, जायकवाडीसारखा जलाशय जवळ असताना, कित्येक वस्त्यांनी नळाच्या पाण्यासाठी दिवसामागून दिवस वाट पाहिली आहे. या विरोधाभासावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

मलेशियाचा माणूस सायगावात

आता थोडे दूर जाऊन पाहू. मलेशिया आणि व्हिएतनाम हे आग्नेय आशियातील शेजारी. मलेशियाच्या नागरिकाला अल्प मुदतीसाठी व्हिएतनामचा व्हिसा लागत नाही. विमानप्रवास थोड्याच तासांचा. त्यामुळे तेथील मध्यमवर्गीय कुटुंबे सुटीत हनोई, द नांग किंवा पूर्वीचे सायगाव म्हणजे आजचे हो ची मिन्ह शहर गाठतात. या शहरांविषयी ते सांगतात ते पुन्हा तेच: दुचाकींच्या अखंड लोंढ्यातून रस्ता ओलांडण्याचे धाडस, पदपथावरच्या बुटक्या स्टुलांवर बसून घेतलेली कॉफी आणि बाजारातील घासाघीस.

हो ची मिन्ह शहरातील बेन थान्ह हा जुना बाजार. त्याच्या बाजूच्या एका रस्त्याला लोक ‘मलेशिया रस्ता’ म्हणतात. तेथे हलाल भोजनगृहे आहेत, मलय स्त्रियांच्या पसंतीचे कापड व पोशाख आहेत आणि मलय भाषेत भाव सांगणारे विक्रेते आहेत. या व्यवसायात मेकाँगच्या खोऱ्यातील चाम मुसलमानांचा मोठा वाटा आहे. त्यांची चाम भाषा ही मलय भाषेची नातलग. ज्या चाम लोकांच्या पूर्वजांनी मी सन येथे शिवमंदिरे उभारली आणि संस्कृतात शिलालेख कोरले, त्यांच्याच वंशातील ही मंडळी आज शेजारच्या देशातून आलेल्या पाहुण्याशी त्याच्या जवळच्या बोलीत बोलतात आणि दोन पैसे मिळवितात. पाहुण्याला परक्या शहरात ओळखीचे अन्न व ओळखीचा शब्द मिळतो. शहरातील एका अल्पसंख्य, दुर्लक्षित समाजाला रोजगार मिळतो. देवघेव म्हणतात ती हीच.

त्याच देशातील होई आन हे जुने बंदर १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील जुन्या घरांत आजही कुटुंबे राहतात. जुन्या गावात येणाऱ्या पाहुण्याकडून तिकीट घेतले जाते आणि त्या उत्पन्नातून घरांची डागडुजी होते. तेथे सर्वच आलबेल आहे असे नव्हे. गर्दी वाढली, घरांची दुकाने झाली, मूळ रहिवासी बाहेर सरकले, अशा तक्रारी तेथेही आहेतच. तथापि, पाहुण्याचा पैसा त्याच गल्लीतील कौलांवर खर्च व्हावा हे तत्त्व योग्य आहे.

आपल्या दारी आलेला बौद्ध पाहुणा

आपल्याकडे येणारा आशियाई पाहुणा बहुधा बौद्ध असतो. थायलंड, श्रीलंका, म्यानमार, जपान, कोरिया, व्हिएतनाम येथून भाविक अजिंठ्याला येतात. त्यांच्यासाठी ही नुसती चित्रशाळा नाही; ते तीर्थ आहे. त्यांना आपण काय दाखवितो? दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध धर्म दाखवितो. जणू तो धर्म या भूमीतून कायमचा गेला आणि मागे फक्त रंग उरले!

वस्तुस्थिती अगदी उलट आहे. या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय स्थापन केले. त्याला नाव दिले मिलिंद आणि परिसराला म्हटले नागसेनवन. राजा मिलिंद व भिक्खू नागसेन यांचा संवाद सांगणारा पाली ग्रंथ कोलंबो, रंगून वा बँकॉकच्या सुशिक्षित बौद्धाला परका नाही. बाबासाहेब स्वतः १९५० साली बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते आणि १९५४ साली ब्रह्मदेशात. १९५६ नंतर मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबांचे जीवन त्या विचाराने बदलले. काही वर्षांपूर्वी एका श्रीलंकन प्राध्यापकांना मी नागसेनवनात घेऊन गेलो होतो. मिलिंद हे नाव वाचून ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले की, आमच्या प्रवासाच्या कार्यक्रमात हे कसे नव्हते? या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच परिसरात जागतिक धम्म परिषद भरली, दलाई लामा आले. परंतु परिषद संपताच पाहुण्यांच्या गाड्या पुन्हा आपल्या ठरावीक वाटेने धावू लागल्या.

मकबऱ्याच्या पाठीमागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांची कथा याहून निराळी नाही. शहरापासून हाकेच्या अंतरावर असूनही तेथे पाहुणे तुरळक. सातव्या लेण्यातील नर्तकी आणि तिच्या भोवतीच्या वादक स्त्रिया ज्याने पाहिल्या, त्याला एक संध्याकाळ अधिक राहिल्याचा पश्चात्ताप होणार नाही.

एका मुक्कामाचे अर्थशास्त्र

पर्यटनाचे यश आपण पाहुण्यांच्या डोक्यांवरून मोजतो. ते मुक्कामाच्या रात्रींवरून मोजले पाहिजे. धावत्या पाहुण्याचा पैसा विमान कंपनीला, महानगरातील प्रवासी संस्थेला आणि पेट्रोलला जातो. शहराच्या हाती फारसे लागत नाही. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. तोच पाहुणा एक दिवस अधिक राहिला तर रिक्षावाला, खानावळवाला, वाटाड्या, फळविक्रेता आणि विणकर यांच्या हाती पैसा येतो. आणि ही माणसे तो याच शहरात खर्च करतात. एक रुपया अनेकदा फिरतो. हिमरू या कापूस-रेशमाच्या विणीचे हातमाग आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्या विणकराला अनुदानाहून अधिक गरज आहे ती त्याच्या मागापाशी अर्धा तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाची.

काहीजण म्हणतील, हे शहर कारखान्यांचे आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा यांवर त्याचे पोट चालते, मग पर्यटनाचे कौतुक कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. २०२० साली महामारीत लेणी बंद झाली तेव्हा वाटाडे आणि वाहनचालक यांची काय अवस्था झाली, हे आपण पाहिले. केवळ पाहुण्यांवर विसंबणे धोक्याचेच. परंतु कारखान्याच्या दारात ज्यांना प्रवेश नाही, त्यांचे काय? जुन्या शहरातील कारागीर, घरी बसून स्वयंपाकाचे कसब जाणणाऱ्या स्त्रिया, पाली किंवा इतिहास घेऊन पदवीधर झालेले तरुण यांना वाळूज सामावून घेत नाही. मुक्कामी पाहुणा घेऊ शकतो.

धनी अनेक, यजमान कोणी नाही

अडचण पैशाची आहे, असेही म्हणवत नाही. अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी १९९२ पासून जपानकडून दोन टप्प्यांत कर्ज घेतले गेले. त्यातून कामेही झाली. लेण्यांच्या प्रतिकृती असलेली भव्य अभ्यागत केंद्रे उभी राहिली. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी ती बंद ठेवण्याची पाळी आली. इमारत कर्जातून होते, तिचे दैनंदिन बिल कोणी भरायचे हे मात्र ठरलेले नसते. अजिंठ्याच्या रस्त्याचे काम कित्येक वर्षे रेंगाळले, तेव्हा अनेक पाहुण्यांनी जळगावची वाट धरली.

मूळ दुखणे असे की, येथे धनी अनेक आहेत, पण यजमान कोणी नाही. लेणी व मकबरा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, पाणचक्की वक्फ मंडळाकडे, शहराचे रस्ते आणि कचरा महापालिकेकडे, पर्यटनाचा प्रचार राज्याच्या महामंडळाकडे. २०१८ साली कचऱ्याच्या ढिगांनी शहर व्यापले तेव्हा पाहुण्यांच्या नाकाला खात्यांच्या सीमा कळल्या नाहीत. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने महिला प्रतिनिधी यायच्या होत्या, तेव्हा थोड्याच दिवसांत भिंती रंगल्या, दिवे लागले, चौक सजले. म्हणजे मनात आणले तर जमते. प्रश्न एवढाच की, सरकारी पाहुण्यासाठी जे होते ते साध्या पाहुण्यासाठी का होऊ नये? आणि त्याहून पुढचा प्रश्न: येथेच राहणाऱ्या नागरिकासाठी का होऊ नये?

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. हे दोन दिवस शहराचे म्हणून ठरवावेत. भडकल दरवाजापासून पाणचक्की, मकबरा, औरंगाबाद लेणी आणि नागसेनवन अशी एक वाट आखावी. काही इतिहासप्रेमी मंडळी स्वखुशीने शहरफेऱ्या काढतात. त्यांना प्रशिक्षित तरुणांची जोड द्यावी. विद्यापीठातील पाली आणि बौद्ध धर्म विभागाच्या विद्यार्थ्यांना थाई, सिंहली, जपानी बोलण्यापुरती शिकवावी. बेन थान्हच्या चाम विक्रेत्याला जे जमले ते आपल्या पदवीधराला अशक्य नाही. या वाटेसाठी एकच तिकीट असावे आणि त्याचे उत्पन्न मुंबई-दिल्लीच्या तिजोरीत न जाता वाटेवरच्या दरवाजांवर, नळांवर, स्वच्छतागृहांवर खर्च व्हावे. त्याचा हिशेब दरवर्षी वृत्तपत्रांत छापून यावा.

बावन्न दरवाजांचे शहर ही आपली जुनी ख्याती. दरवाजे शत्रूला अडविण्यासाठी बांधतात, तसेच पाहुण्याला आत घेण्यासाठीही. आज उरलेल्या दरवाजांखालून वाहने जातात, पाहुणे मात्र वळसा घालून लेण्यांकडे निघून जातात. त्यांना आत बोलवायचे तर आधी आत राहणाऱ्यांचे पाणी, रस्ते आणि रोजगार नीट लावावे लागतील. ज्या शहरात राहणारा समाधानी नाही, तेथे पाहुणा दुसऱ्या रात्रीसाठी थांबत नाही.