वादळामागे धावावे की अंगणात थांबावे?

अमेरिकेत वादळांचा पाठलाग करणाऱ्यांची एक जमातच आहे. डेव्हिड होडली हा तिचा मूळपुरुष. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कमध्ये १९५६ साली त्याला हे वेड लागले आणि १९७७ मध्ये त्याने ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे वार्तापत्र काढले. पगार नाही, हुकूम नाही. पदरचे पेट्रोल जाळून सपाट मुलखात ढग शोधत हिंडायचे. टिम समारास यांचे काम अधिक नेमके. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत चपटे यंत्र ठेवले. टोर्नेडो त्यावरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद मिळाली. इतका मुरलेला माणूस ३१ मे २०१३ रोजी एल रेनो इथल्या टोर्नेडोत मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांच्यासह गेला.

आपल्याकडे हा खेळ जमायचा नाही, आणि ते बरेच आहे. गोव्यात डिचोलीजवळच्या सर्वण गावाहून धावणार कुठे? डोंगर, कुळागरे, वळणांचे रस्ते. ढग पुरता दिसेपर्यंत पाऊस अंगावर. डिचोलीत वळीव बहुधा दुपार कलल्यावर घाटाकडून उतरतो. वारा पडतो, जीव नकोसा होतो, मग एकाएकी गार झोत येतो. ती ढगातून खाली कोसळलेली हवा. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ उठते, माडांच्या झावळ्या एका अंगाला झुकतात. वाळवण उचलायला तेवढाच वेळ.

समुद्रावरच्या वादळांची तऱ्हा निराळी. तौक्ते १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले, दुसऱ्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. इकडे झाडे पडली, विजेचे खांब मोडले. २०१९ च्या ऐन दिवाळीत आलेले क्यार तर गोव्याला शिवलेही नाही. अरबी समुद्रात महाचक्रीवादळ होऊन ते पश्चिमेकडे गेले, पण त्याच्या पावसाने कापणीला आलेले भात आडवे केले. अशा वादळाचा पाठलाग उपग्रह आणि रडारनेच करावा.

पण गावात नेमके काय झाले, हे रडार सांगत नाही. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते, २०४.४ मिलिमीटरच्या वर गेली की पाऊस सर्वांत वरच्या वर्गात. मात्र वळीव इतका पट्ट्यापट्ट्याने पडतो की जवळच्या साखळी गावच्या आकड्यावरून सर्वणचा पाऊस सांगता येत नाही. म्हणून माझ्या लेखी खरा जाणकार तो, जो वर्षानुवर्षे एकाच अंगणात माप घेतो. पाठलागाचे थरारक चित्रण पुष्कळ झाले. अशा वह्या मात्र फार थोड्या.

पेडणे-डिचोलीतल्या वाचकांनी हे करून पाहावे. मापक झाडांपासून लांब, काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवावा. वारा कुठून आला, गारा पडल्या का, किती वाजता, तेही लिहावे. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज दाखवत असेल, तर नोंद राहू द्या, घराबाहेर पडू नका.