युरिया २६६ रुपयांना, डीएपी १,३५० ला: स्वस्त गोणी महाग का पडते?
४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ५० किलो डीएपीची १,३५० रुपयांना. मग शेतकऱ्याचा हात कुठल्या गोणीकडे जाणार? २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, पण युरिया त्यातून वगळला. नत्र, स्फुरद, पालाश यांचं ४:२:१ हे आदर्श मानलं जाणारं प्रमाण आणखी बिघडलं.

जास्त नत्राने पीक हिरवंगार दिसतं खरं, पण लुसलुशीत पानांवर मावा-तुडतुडे येतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. पिकाने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, काही नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातं.

२०१५ मध्ये निमकोटिंग सक्तीचं झालं, २०१८ मध्ये गोणी पाच किलोंनी हलकी झाली. दराला हात लावायला मात्र सरकार धजावत नाही. तो एकदम वाढला तर कोरडवाहू शेतकऱ्याने काय करायचं, हाही प्रश्न आहेच.