सोलरच्या कामासाठी मेगर घेताय? दुकानदाराला आधी हा प्रश्न विचारा

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरचं अ‍ॅप उघडलं आणि 'आयसोलेशन फॉल्ट' किंवा 'पीव्ही आयसोलेशन लो' असा लाल मेसेज दिसला, तर बरेच जण तो अ‍ॅपचा बग समजतात. कारण दुपारी ऊन पडलं की मेसेज आपोआप गायब होतो आणि युनिट्स पुन्हा मोजायला लागतात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बगवर ढकलायला मलाही आवडतं. पण इथे अ‍ॅप खरं बोलतंय. ट्रान्सफॉर्मर नसलेला इन्व्हर्टर ग्रिडला जोडला जाण्याआधी रोज तपासतो की पॅनलच्या वायरमधून करंट फ्रेमकडे किंवा जमिनीकडे गळतोय का. रात्रभर भिजलेल्या कनेक्टरमधून तो गळतो, वाळल्यावर गळणं कमी होतं. दोष मात्र तिथेच असतो.

हा दोष गंभीर का, ते थोडक्यात. घरच्या सोलरमध्ये पॅनलची प्लस किंवा मायनस वायर सहसा अर्थ केलेली नसते. त्यामुळे एका ठिकाणी इन्सुलेशन गेलं तर फ्यूज उडत नाही, काही ट्रिप होत नाही. दुसऱ्या ठिकाणीही गेलं, की दोन दोषांमधून पूर्ण डीसी करंट वाहायला लागतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. गच्चीवर त्याच लोखंडी स्ट्रक्चरला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते, हे वेगळं सांगायला नको.

माझा मावसभाऊ कोकणात सोलर बसवायचं काम करतो. 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळायला लागली, आणि त्याचं काम वाढलं. "दादा, मेगर कुठला घेऊ?" असं त्याने विचारलं तेव्हा मी तीन-चार मॉडेल्सचे मॅन्युअल वाचून काढले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. (मेगर हे खरं तर एका कंपनीचं ब्रँडनेम, पण आपल्याकडे कुठल्याही इन्सुलेशन टेस्टरला मेगरच म्हणतात.)

पहिली शंका अशी येते की मल्टिमीटरमध्ये ओहम मोजता येतात, मग वेगळा टेस्टर कशाला? मल्टिमीटर रेझिस्टन्स मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो. तेवढ्याने चिरलेलं इन्सुलेशनही चांगलंच दिसतं. कामाच्या व्होल्टेजला ते टिकतं का, हे त्यापेक्षा जास्त व्होल्टेज लावल्यावरच कळतं.

किती व्होल्टेज लावायचं, ते आयईसी ६२४४६-१ या स्टँडर्डमध्ये आहे. स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज घ्या आणि १.२५ ने गुणा. उत्तर १२० ते ५०० च्या मध्ये आलं तर ५०० व्होल्टची टेस्ट, त्याच्या वर १००० पर्यंत आलं तर १००० व्होल्टची. दोन्हीकडे रीडिंग किमान १ मेगाओहम हवं. ३ किलोवॅटच्या घराला साधारण ६ पॅनल लागतात, प्रत्येकाचे सुमारे ५० व्होल्ट, म्हणजे ३००. गुणून ३७५. म्हणजे ५०० ची टेस्ट. सोसायटीच्या गच्चीवर १४ पॅनलची स्ट्रिंग असेल तर ७०० गुणिले १.२५ म्हणजे ८७५, तिथे १००० लागणार. म्हणून २५०, ५०० आणि १००० हे तिन्ही असलेला टेस्टर घ्या. १५०० व्होल्ट मोठ्या सोलर पार्कवर लागतात, छतावरच्या कामासाठी त्याचे पैसे मोजू नका.

आता खरा प्रश्न.

दुकानदाराला विचारा: "पॅनलवर ऊन असताना हा चालतो का?"

मोटर किंवा घराचं वायरिंग टेस्ट करताना आपण सप्लाय बंद करतो. पॅनलला मात्र स्विचच नाही. आणि ढगाळ सकाळीही त्याचं व्होल्टेज बऱ्यापैकी भरतं, कमी होतो तो करंट. साधा टेस्टर अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतो.

एक म्हणजे तो टेस्ट करायला नकार देतो. फ्लूकचा १५८७ हा चांगला, नावाजलेला टेस्टर आहे. पण ३० व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज दिसलं की तो टेस्ट सुरूच करत नाही. मोटरच्या कामासाठी ही सोय उत्तम आहे. पॅनलवर मात्र गंमत होते: स्ट्रिंग चांगली असेल तर वायर आणि फ्रेम यांच्यात व्होल्टेज जवळपास टिकत नाही, म्हणून टेस्ट होते. इन्सुलेशन गेलेलं असेल तर व्होल्टेज दिसतं आणि टेस्ट अडते. म्हणजे दोष आहे हे कळतं, पण किती, ते कळत नाही.

दुसरी शक्यता जास्त वाईट. स्वस्त टेस्टर नकार देत नाही, चुकीचा आकडा दाखवतो. समजा ३०० व्होल्टची स्ट्रिंग आहे, एका टोकाला इन्सुलेशन जाऊन ०.५ मेगाओहम उरलंय, म्हणजे सरळ नापास. तुम्ही दुसऱ्या टोकाला ५०० व्होल्ट लावले आणि पॅनलचे ३०० विरुद्ध दिशेने आले. दोषावर प्रत्यक्षात २०० व्होल्टच पडले आणि करंट गेला ०.४ मिलीअँप. टेस्टरला वाटतं आपण ५००च लावलेत. तो ५०० भागिले ०.४ करून १.२५ मेगाओहम दाखवतो. पास! रिपोर्टवर सही होते आणि पॅनल पुढची पंचवीस वर्षं तिथेच.

पॅनलसाठी बनवलेले टेस्टर आधी स्ट्रिंगचं स्वतःचं व्होल्टेज आणि करंट हिशोबात घेतात. उदाहरणार्थ, हियोकीच्या आयआर४०५३ मध्ये त्यासाठी वेगळं पीव्ही फंक्शन आहे, ५०० आणि १००० व्होल्टचं. साधा मेगर काही हजारांत मिळतो, असा टेस्टर पाच आकड्यांत जातो. महिन्याला एखादंच काम असेल तर साधा मेगर घेऊन अंधार पडल्यावर टेस्ट करणं हाही प्रामाणिक मार्ग आहे. रोजचं काम असेल तर तो परवडत नाही, कारण दोष पकडायची उत्तम वेळ म्हणजे दव असलेली सकाळ, आणि तेव्हा उजेड असतोच.

प्लस आणि मायनस शॉर्ट करून एकदम टेस्ट करायची पद्धतही स्टँडर्डमध्ये आहे, पण त्यासाठी डीसीचा योग्य स्विच लागतो. हातात कनेक्टर धरून शॉर्ट करणारे व्हिडिओ मी पाहिलेत. तसं करू नका.

बाकी गोष्टी बघायच्या त्या अशा. डीसी १००० व्होल्ट मोजता यायला हवेत आणि सुरक्षेचं रेटिंग 'कॅट थ्री' १००० व्होल्ट किंवा त्याच्या तोडीचं हवं, लीड्सचंसुद्धा. टेस्टनंतर वायरमध्ये साठलेला चार्ज टेस्टरने स्वतः उतरवायला हवा. ब्लूटूथ नसलं तरी चालतं, स्क्रीनचा फोटो पुरतो. बॉक्सवर '२०० गिगाओहम' लिहिलेलं असतं त्यालाही भुलू नका. ५५० वॅटच्या पॅनलचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर. ओल्या अवस्थेत किमान ४० मेगाओहम-चौरस मीटर हा पॅनलचा निकष धरला, तर एका पॅनलला १५ मेगाओहम येतात. गळतीच्या वाटा समांतर असतात, म्हणून १४ पॅनल जोडल्यावर उरतात जेमतेम १.१. आपला निर्णय १ मेगाओहमच्या आसपास होतो, तिथे अचूक असलेला टेस्टर हवा.

टेस्टर कितीही भारी असला तरी आधी एसी, मग डीसी आयसोलेटर बंद करायचा, त्यानंतरच स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सोडवायची, आणि सर्ज प्रोटेक्टरही बाजूला काढायचा. तो जोडलेला राहिला तर १००० व्होल्टला स्वतःच कंडक्ट करू शकतो आणि चांगली स्ट्रिंग नापास ठरते. अर्थची क्लिप फ्रेमच्या चकचकीत भागावर लावू नका, अ‍ॅनोडाइझ केलेला थर करंट नीट जाऊ देत नाही. अर्थिंगच्या बोल्टवर लावा. आणि हे काम ट्रेनिंग झालेल्या माणसाचं आहे, अ‍ॅपमध्ये लाल मेसेज दिसला म्हणून घरमालकाने गच्चीवर जाऊन करायचं नाही.

भावाने शेवटी पीव्ही फंक्शनवाला घेतला. वर्षातून एकदा तो एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये कॅलिब्रेशनला पाठवतो. ग्राहकाला देताना रीडिंगसोबत तारीख, वेळ आणि 'पॅनल ओले की कोरडे' एवढं लिहून देतो, कारण पुढच्या पावसाळ्यात तुलना करायला तेच लागतं.