जुन्या कारखान्याचे नाव ही कारीगराचीही पुंजी

कापडाच्या ताग्यावरचा छाप गिऱ्हाईक आधी पाहते, पोत नंतर. जुन्या कारखान्यांच्या इमारतींचेही तसेच आहे. यंत्रे भंगारात गेली तरी नावाची किंमत बाजारात टिकून राहते. मात्र तिचा नफा कोणाच्या पदरात पडतो, हे पाहणे जरूर आहे.

न्यूयॉर्क शहरातील ‘वेस्टबेथ’चे उदाहरण घेऊ. हडसन नदीच्या काठाजवळच्या या इमारतींत पूर्वी टेलिफोनचे सामान बनविणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी होती. १९२५ पासून तेथे बेल कंपनीची नामांकित प्रयोगशाळा चालली. १९६६ मध्ये प्रयोगशाळेने जागा सोडली. त्या काळी शहरातील अनेक चित्रकार व शिल्पकार रिकाम्या गोदामांत बेकायदा राहत असत. जे. एम. कॅप्लन फंड ही धर्मादाय संस्था आणि अमेरिकन सरकारचा कलानिधी पुढे आला. वास्तुशिल्पकार रिचर्ड मायर यांनी इमारत न पाडता तिच्यात सुमारे ३८४ घरे बसविली. घरांत भिंती कमीत कमी ठेवल्या, म्हणजे राहणे आणि काम एकाच जागेत व्हावे. १९७० मध्ये ही वसाहत सुरू झाली.

नाव ठेवताना जुन्या कंपनीची प्रतिष्ठा उसनी घेतली नाही. वेस्ट आणि बेथून या शेजारच्या दोन रस्त्यांची नावे जोडून ‘वेस्टबेथ’ केले. उच्चाराला सोपे, आणि पत्ताही सांगणारे. पण नाव गाजले ते अटींमुळे. घर मिळण्यासाठी कलेचे काम दाखवावे लागते आणि उत्पन्नालाही मर्यादा आहे. आजूबाजूचा परिसर श्रीमंतांचा झाला, तरी येथे मध्यम मिळकतीचे कलावंत राहू शकले. २०११ मध्ये शहराने या वास्तूला संरक्षित दर्जा दिला.

जर्मनीतील लाइपझिग शहराने दुसरी वाट धरली. तेथे १८८४ मध्ये सुरू झालेल्या सूतगिरणीत पुढे सुमारे २,४०,००० चात्या फिरत होत्या. १९९० नंतर सूतकताई बंद पडली आणि स्वस्त जागेसाठी चित्रकार आले. त्यांच्या कार्यशाळा व कलादालने आज तेथे आहेत. नाव मात्र ‘श्पिनराय’, म्हणजे सूतगिरणी, हेच राहिले. लाल विटांच्या भिंतीही तशाच ठेवल्या. नवी पाटी रंगविण्यापेक्षा जुनी साख सांभाळणे येथे फायद्याचे ठरले.

मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलचेही नाव टिकले आहे, पण ते मॉलच्या दारावर. ज्या हातांनी ते नाव कमावले, त्या कामगारांना त्या जागेत घर मिळाले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि गिरणी कामगारांना घरासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

राहत्या घरी काम ही कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. मालेगावच्या मोमीन विणकराच्या घरात हातमागाचा खड्डा असे आणि त्याच घरात चूल पेटे. उद्या भिवंडी किंवा मालेगावातील जुना कारखाना कोणी घरांसाठी वा कार्यशाळांसाठी बदलायला निघाला, तर कारीगर बांधवांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. नाव त्या जागेच्या किंवा हुनराच्या ओळखीतून यावे. पाटी लागण्यापूर्वी त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंद व्हावी आणि ती कारीगरांच्या संस्थेच्या नावे असावी. गाळा कोणाला आणि किती भाड्याने मिळणार, हे करारात लेखी असावे.

ताग्यावर शुद्ध रेशमाचा छाप मारून आत भेसळीचा माल देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. दारावर ‘कारीगर’ लिहिले असेल, तर आत कारीगरच राहायला हवा.