कक्षेच्या गणितात तेजाचा वाटा

नियतकालिक धूमकेतूंचा आढावा हॅलीपासून सुरू करायचा, असा प्रघात आहे. गुरू-शनीच्या ओढीमुळे धूमकेतूला ६१८ दिवसांचा उशीर होईल हे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी महिनोन्‌महिने आकडेमोड करून काढले. १३ मार्च १७५९ रोजी, म्हणजे भाकितापेक्षा महिनाभर आधी, धूमकेतू उपसूर्याला पोचला. ही कहाणी मराठीत अनेकदा सांगून झाली आहे, तशीच बिएलाचा धूमकेतू १८४६ साली दुभंगल्याचीही. तेव्हा तिथे रेंगाळत नाही. या कहाण्यांनी रुजवलेली एक समजूत मात्र मला खोडायची आहे. कक्षा काढणे हे शास्त्र आणि तेज मोजणे ही हौस, अशी ती समजूत. आपल्याकडचे काही व्यासंगी लेखकही ती निःशंकपणे मांडत आले आहेत. माझे प्रतिपादन नेमके उलट आहे. ज्या धूमकेतूच्या तेजाची नोंद नीट झालेली नाही, त्याची कक्षाही आपल्याला अर्धीच कळलेली असते.

याचा सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे एन्केचा धूमकेतू. १७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ साली दिसलेले चार धूमकेतू एकच आहेत, तो जेमतेम सव्वातीन वर्षांत सूर्याला फेरी घालतो, हे योहान एन्केने दाखवले. भाकिताप्रमाणे १८२२ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा येथे र्‍युमकरला तो दिसलाही. पण ग्रहांचे सगळे क्षोभ हिशेबात धरूनही दर फेरीला तो सुमारे अडीच तास लवकर येत होता. एन्केने त्यावर उपाय शोधला तो अवकाशातल्या विरळ, रोधक माध्यमाचा. ही कल्पना कितीतरी वर्षे टिकली. ती खरी असती तर सगळेच धूमकेतू लवकर यायला हवे होते. हॅलीचा धूमकेतू मात्र दर फेरीला चारेक दिवस उशिरा येतो. १८३५चा हॅली न्याहाळताना बेसेलला गाभ्यातून सूर्याकडे उसळणारे झोत दिसले आणि त्यांच्या उलट्या रेट्याने कक्षा बदलत असावी, असे त्याने सुचवले. १९५० साली फ्रेड व्हिपलने बर्फ आणि धुळीच्या गाभ्याचे चित्र मांडले, तेव्हा त्या रेट्याला पाया मिळाला. गाभा स्वतःभोवती फिरतो, म्हणून सर्वाधिक वाफ त्याच्या माध्यान्हीला न निघता थोडी उशिरा, दुपार कलल्यावर निघते. परिवलनाची दिशा परिभ्रमणाचीच असेल तर रेटा पुढे ढकलतो, कक्षा रुंदावते आणि धूमकेतू लांबतो. दिशा उलटी असेल तर तो लवकर येतो. एन्केचे अडीच तास आणि हॅलीचे चार दिवस या दोहोंचा उलगडा एकाच कारणाने होतो.

इथे विरोधक म्हणतात, ठीक आहे, वाफेचा रेटा मान्य. पण तो तर आकाशातल्या स्थानांच्या मोजमापांवरूनच निघतो, तेज कशाला हवे? आक्षेप वजनदार आहे. मार्सडेन, सेकानिना आणि येओमन्स यांनी १९७३ साली जी पद्धत बसवून दिली, ती खरोखरच स्थानांवरून रेट्याचे गुणांक काढते. पण त्या पद्धतीच्या पोटात एक गृहीतक आहे. सूर्यापासूनचे अंतर सारखे असेल तर बाष्पीभवनही सारखेच, मग धूमकेतू उपसूर्याकडे येत असो वा तिथून परतत असो. हे गृहीतक खरे की खोटे, हे सांगतो तेजालेख. दारेस्टचा धूमकेतू घ्या. उपसूर्य ओलांडल्यावर महिनाभराहून अधिक काळ तो उजळतच राहतो, आणि हे फेरीमागून फेरी दिसत आले आहे. १९७६च्या फेरीत द्विनेत्री घेऊन बसलेल्या निरीक्षकांनी हा उशिराचा बहर रात्रीमागून रात्र नोंदवला. १९८९ साली येओमन्स आणि चोडास यांनी बाष्पीभवनाचा कळस उपसूर्याच्या आधी किंवा नंतर सरकवण्याची मुभा गणिताला दिली, ती अशाच विषम तेजालेखांमुळे. पुढे रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूजवळ राहून मोजले, तेव्हा १३ ऑगस्ट २०१५च्या उपसूर्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पाण्याची वाफ कळसाला पोचल्याचे आढळले. गाभ्यावरचे ऋतू कक्षेत उतरतात, आणि पृथ्वीवरून ते ऋतू दिसतात ते तेजात.

दुसरा आक्षेप डोळ्यांच्या अचूकतेचा. धूसर ठिपक्याची तुलना फोकस हलवून पसरवलेल्या ताऱ्यांशी करायची, तर अर्ध्या प्रतीची चूक सहज होते. हे खरेच आहे, आणि त्यातून मोठा गोंधळही झाला आहे. व्सेखस्व्यात्स्की यांनी जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवून अल्पमुदतीचे धूमकेतू झपाट्याने मंदावत असल्याचा निष्कर्ष काढला. क्रेसाक यांनी दाखवले की त्या मंदावण्याचा मोठा भाग धूमकेतूंचा नव्हताच. निरीक्षकांच्या हातातल्या दुर्बिणी बदलल्या होत्या. मोठ्या दुर्बिणीत आणि जास्त विशालनात शिखेची विरळ कड हरवते आणि धूमकेतू आहे त्यापेक्षा मंद वाटतो. पण या वादाचे तात्पर्य डोळा निकामी आहे, असे काढणे चूक. तात्पर्य एवढेच, की प्रतीच्या आकड्याशेजारी दुर्बिणीचा व्यास, विशालन, तुलनेचे तारे आणि पद्धत लिहिलेली हवी. ती असली की बोब्रोव्हनिकॉफने दाखवल्याप्रमाणे दुर्बिणीच्या व्यासाची दुरुस्ती करता येते, आणि अनेकांच्या चुका परस्परांना छेदून खरा आलेख वर येतो.

तिसरा आक्षेप आजचा आहे. सर्वेक्षणाच्या दुर्बिणी रोज रात्री आकाश पिंजून काढतात, मग माणसाने कशाला डोळे शिणवायचे? या यंत्रांचे ऋण मोठे आहे, पण त्यांच्या मर्यादा नेमक्या मोक्याच्या जागी आहेत. एन्केचा उपसूर्य सूर्यापासून ०.३४ खगोलीय एककांवर आहे. म्हणजे सर्वाधिक घडामोडींच्या दिवसांत तो संधिप्रकाशात, क्षितिजालगत असतो आणि सर्वेक्षणे तिकडे सहसा वळत नाहीत. कॅमेऱ्याचे माप लहान वर्तुळापुरते घेतले, तर पसरलेल्या शिखेचा प्रकाश बाहेर राहतो. आणि २००७च्या ऑक्टोबरात होम्सचा धूमकेतू उपसूर्यानंतर पाच महिन्यांनी, दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे पाच लाख पट उजळला, तेव्हा तो उद्रेक प्रथम ध्यानात आला टेनेरीफच्या एका हौशी निरीक्षकाच्या. ययाती तारकासमूहात तो होता तिथेच होता. कक्षेने या उद्रेकाचा काहीच सुगावा दिला नव्हता.

म्हणूनच आजची घसरण मला अस्वस्थ करते. धूमकेतू आला की छायाचित्रांचा पूर येतो. पण शेपटी खुलवण्यासाठी प्रकाश ताणलेल्या चित्रातून तेजाचा आकडा परत मिळत नाही. शहरांच्या उजेडाने अंधाऱ्या जागा दूर गेल्या हे खरे. तरी सह्याद्रीच्या माथ्यावर आणि मराठवाड्याच्या माळावर काळोख अजून शिल्लक आहे. आटली आहे ती नोंदवहीची सवय. स्लोव्हेनियातल्या चेर्नी व्रह वेधशाळेने चालवलेला संग्रह जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या तेजनोंदी स्वीकारतो. आपल्या खगोलमंडळांनी तिथे नियमाने भर घातली पाहिजे. एन्के २०२७च्या फेब्रुवारीत उपसूर्याला येतो आहे आणि हॅली २०६१च्या जुलैत. हॅली कधी येणार हे आजच दिवसापर्यंत सांगता येते. १९८६पासून त्याच्या गाभ्यावर काय बदलले, हे मात्र त्या वेळच्या तेजनोंदी जुन्यांशेजारी मांडूनच ठरवावे लागेल. नोंद घेण्याचे शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे जाते. एन्के दर सव्वातीन वर्षांनी येतो, तेव्हा त्या शिक्षणासाठी २०६१ची वाट पाहण्याचे कारण नाही.