छातीतील पाण्याचा अहवाल : एकट्या आकड्यावर किती विसंबावे?

फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात निरोगी माणसाच्याही शरीरात थोडासा द्रव असतो. तो वाढला की ‘छातीत पाणी झाले’ असे म्हटले जाते आणि पुष्कळदा ते क्षयरोगाचेच मानले जाते. क्षयरोग हे मोठे कारण आहे, हे खरे. परंतु हृदयाची दुर्बलता, यकृताचा सिरोसिस, न्यूमोनिया आणि कर्करोग यांतही पाणी साचते.

पाण्यातील प्रथिने वाढली की दाह किंवा जंतुसंसर्ग आहे, हा दुसरा समज अपुरा आहे. रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये मांडलेल्या निकषांनुसार पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या 0.5 पटीहून अधिक, एलडीएच हे विकर रक्तातील पातळीच्या 0.6 पटीहून अधिक, किंवा रक्तातील एलडीएचच्या सामान्य कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक असेल, तर ते पाणी दाहजन्य, म्हणजे एक्झुडेट, ठरते. म्हणून त्याच सुमारास घेतलेला रक्ताचा नमुना सोबत नसेल, तर पहिले दोन निकष लावताच येत नाहीत. शिवाय हृदयरुग्णाला लघवी वाढवणारी औषधे चालू असली, तर पाणी आटून प्रथिने दाट होतात आणि साधे पाणीही दाहजन्य भासते. अशा वेळी रक्तातील अल्ब्युमिन पाण्यातील अल्ब्युमिनपेक्षा डेसिलिटरला 1.2 ग्रॅमहून जास्त असेल, तर कारण बहुधा हृदयाचेच असते. औषधाची मात्रा आणि वेळ परिचारिकेच्या नोंदीत असते, आणि अहवालाचा अर्थ तिथून उलगडतो.

पाण्यातील एडीए (अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज) हे विकर 40 युनिट प्रति लिटरच्या वर गेले आणि पेशींत लिंफोसाइट अधिक असले, तर क्षयरोगाची शक्यता बळावते. मात्र पू झालेल्या छातीत, संधिवातात आणि काही लिंफोमांतही एडीए वाढते. उलट, पाण्यात जंतू सापडले नाहीत म्हणून क्षयरोग नाही, असे मानणे अधिक धोक्याचे आहे, कारण क्षयरोगातील पाणी मुख्यतः शरीराच्या प्रतिकारक्रियेतून साचते आणि त्यात जंतू फार थोडे असतात.

न्यूमोनियानंतरच्या पाण्याचा पीएच 7.2 च्या खाली असेल, तर छातीत नळी घालण्याचा विचार तातडीने करावा लागतो. पण हा आकडा नमुना कसा घेतला यावर फार अवलंबून असतो. सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच खोटा वाढतो, बधिर करण्याचे औषध मिसळले तर खोटा घटतो. साखरेचा आकडाही असाच फसवतो : बीड जिल्ह्यातील तेलगावहून धारूरचा घाट चढून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेल्या नमुन्यात वाटेत पेशी साखर वापरत राहतात. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची नळी वापरणे, आणि पीएचसाठी हेपरीन लावलेली, हवा काढून बंद केलेली सिरिंज बर्फात ठेवून रक्तवायू यंत्रावर लगेच तपासणे आवश्यक ठरते.

लाल पाणी म्हणजे रक्तस्रावच, हेही खरे नाही. थोडेसे रक्त मिसळले तरी ते लाल दिसते, आणि पाण्याचे हिमॅटोक्रिट (लाल पेशींचे प्रमाण) रक्ताच्या निम्मे किंवा अधिक असेल तरच छातीत रक्त साचले असे म्हणता येते.